घोडबंदरच्या बुरुजावर

"थांबा! कोण आहात? नाव सांगा, गाव सांगा आणि गलबतात काय माल आणलाय तेही सांगा!"

घोडबंदरच्या किल्ल्यावर एका रविवारी सकाळी आम्हांला असं दरडावून अडवण्यात आलं. अडवणारा पहारेकरी सहावीत शिकतो. त्याचा फेटा सारखा डाव्या डोळ्यावर येत होता, आणि हातातला भाला म्हणजे आमच्या घरच्या पडद्याची काठी होती. तो माझा धाकटा भाचा. त्याला रोज सकाळी उठवायला दोन माणसं लागतात, पण त्या दिवशी स्वारी पाच वाजता तयार होती, बरं का!

दोस्तांनो, ही गोष्ट त्या फेट्याची आहे. थोडी एका लुगड्याचीही आहे. पण आधी किल्ल्यावर तर चला.

मीरा-भाईंदर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गच्च भरलेली लोकल, उंच उंच इमारती आणि रिक्षांची रांग. मीही याच शहरात राहते आणि इतकी वर्षं मलाही तेवढंच दिसत होतं. पण मीरा रोड स्टेशनहून काशिमीरामार्गे ठाण्याच्या दिशेने निघालं, की मोठ्या रस्त्याची धडधड ऐकत ऐकत आपण घोडबंदर गावात येतो. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, आणि मध्ये एका छोट्या टेकडीवर हा किल्ला. चढ अगदी सोपा आहे. माझे गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत! दगडी कमानी, जाड भिंती, वर गोल बुरूज. बुरुजावर उभं राहिलं की खाली खाडीचं रुंद पाणी चमकत असतं. वारा असा सुटतो की टोपी सांभाळावी लागते.

हे खाडीचं पाणी नीट बघा, कारण किल्ल्याचं सगळं रहस्य त्यातच आहे. आज आपण रस्त्याने जातो. त्या काळी रस्ता म्हणजे हे पाणी. उल्हास नदी कल्याणवरून येते, ठाण्याजवळून या खाडीत उतरते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. कल्याण आणि ठाण्याचा माल समुद्राकडे जायचा तर या टेकडीच्या पायथ्यावरून जायचा. ज्याच्या हाती टेकडी, त्याच्या हाती जकात! अरबस्तानातून आलेले घोडे या बंदरात उतरत, म्हणून नाव पडलं घोडबंदर, असं सांगतात.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली. आपण आज ज्या जमिनीवर राहतो, ते साष्टी बेटही त्यांच्याकडे गेलं. त्यानंतर दोनशे वर्षं इथे पोर्तुगीजांचा, म्हणजे आपल्या लोकांच्या भाषेत फिरंग्यांचा अंमल होता. त्या राज्यात धर्माच्या नावाने जुलूम होत होता. भिवंडीजवळच्या अणजूर गावचे गंगाजी नाईक यांच्यासारखी माणसं पेशव्यांकडे दाद मागायला गेली. अखेर १७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा तिचे सेनापती. त्याच वर्षी ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांकडे आलं. वसई मात्र सहजासहजी मिळाली नाही. ती पडली १७३९ च्या मे महिन्यात.

हे सगळं मी मुलांना पहिल्या फेरीत, डिसेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी, याच बुरुजावर बसून सांगितलं. बरोबर दोन्ही भाचरं होती, शेजारचा आठवीतला मुलगा होता आणि थोरल्या भाचीची वर्गमैत्रीण होती. ही मैत्रीण उत्तनची, कोळ्यांच्या घरातली. घरची मंडळी ख्रिस्ती. बोलायला कमी, पण ऐकताना कान टवकारलेले.

माझं सांगून झालं आणि धाकटा म्हणाला, "मावशी, इथे सगळे दगडच आहेत गं. माणसं कुठायत?"

प्रश्न चोख होता! मग मी त्यांना स्वीडनची गोष्ट सांगितली. तिथे आर्तुर हाझेलियस नावाचे एक गृहस्थ होते. आगगाड्या आणि कारखाने आले तशी खेड्यांतली जुनी घरं, जुनी कामं भराभर नाहीशी होत चालली होती. हे बघून त्यांनी देशभरातून जुनी घरंच्या घरं उचलून आणली आणि १८९१ मध्ये स्टॉकहोममध्ये स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. तिथे त्या त्या काळचे कपडे घातलेली माणसं विणतात, भाकरी भाजतात, येणाऱ्याशी बोलतात. अमेरिकेत विल्यम्सबर्ग नावाचं अख्खं जुनं गावच असं जागं ठेवलंय. तिथे तुमच्याएवढी मुलंमुलीही स्वयंसेवक म्हणून जुने कपडे घालून उभी राहतात. प्लिमथ नावाच्या ठिकाणी तर कहरच. तिथली माणसं १६२० च्या दशकातली म्हणून वावरतात. तुम्ही विचारा, "टीव्ही कुठे आहे?" ती गोंधळून तुमच्याकडेच बघतील!

आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी संग्रहालय आहे. तिथे बारा बलुतेदार, शेतकरी, गुरं असं सारं गाव पुतळ्यांतून उभं केलंय. पुतळे इतके हुबेहूब की एखाद्याला "रामराम" घालावासा वाटतो. फक्त ते उत्तर देत नाहीत.

"मग आपण देऊया की उत्तर!" थोरली म्हणाली.

झालं! परतीच्या वाटेतच बेत शिजला. जानेवारीतल्या एका रविवारी घरची आणि शेजारची मंडळी किल्ल्यावर न्यायची. चौघांनी जुन्या काळची माणसं व्हायचं आणि किल्ला दाखवायचा. नाटक नाही, पाठ केलेली भाषणं नाहीत. लोकांनी काहीही विचारावं, त्याचं उत्तर द्यायचं.

पहिली अडचण लगेच आली. चौघांपैकी तिघांना चिमाजी अप्पा व्हायचं होतं आणि फिरंगी व्हायला कोणीच तयार नव्हतं. शेजारच्या मुलाने तर जाहीरच केलं, "मी हरणाऱ्यांत नाही."

मी म्हटलं, "चिमाजी अप्पांना आपण विश्रांती देऊ. त्यांच्याबद्दल पुस्तकांत आहे. ज्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही, ती माणसं आपण होऊ." मग वाटणी ठरली. धाकटा मराठ्यांचा पहारेकरी. थोरली मिठागरावर काम करणारी आगरी बाई. शेजारचा मुलगा, बऱ्याच विनवण्यांनंतर, फिरंगी शिपाई. आणि उत्तनची मैत्रीण?

ती हळूच म्हणाली, "मी कोळीण होईन. पण मावशी, एक विचारू? त्या लढाईत आमची माणसं कुठल्या बाजूला होती?"

सगळे गप्प झाले. मीसुद्धा.

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं ही लढाई मी इतक्यांदा सांगितली, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. मी म्हटलं, "चल, तुझ्या आजीलाच विचारू."

पुढच्या रविवारी आम्ही भाईंदर पश्चिमेहून बसने उत्तनला गेलो. हा रस्ता तुम्ही एकदा तरी बघाच. इमारती मागे पडतात, खारफुटी आणि खाजणं दिसू लागतात, आणि मग एकदम समुद्र! किनाऱ्यावर रंगीत होड्या, जाळ्यांचे ढीग, आणि बांबूच्या वलांडीवर बोंबील असे टांगलेले की जणू तोरणंच. वास? तो येणारच! धाकट्याने नाक दाबलं. मैत्रीण हसून म्हणाली, "हा वास नाही रे, ही आमची शाळेची फी आहे." त्याने नाक सोडलं.

आधी आम्ही चौक गावाजवळचा धारावी किल्ला पाहून आलो. मुंबईतली धारावी ती वेगळी. ही आपली धारावी म्हणजे खाडीच्या तोंडावरची टेकडी. समोर पाण्यापलीकडे वसई. इथे तोफा ठेवल्या की वसईकडे येणारी जहाजं माऱ्यात येतात. म्हणून या जागेसाठी दोन्ही बाजूंनी जिवाची बाजी लावली. मराठ्यांनी १७३९ मध्ये, वसई पडायच्या थोडं आधी, ती कायमची घेतली. गंमत अशी, की वसईतल्या कितीतरी इमारतींचा दगडही याच टेकडीतून गेला होता! आज इथे तटाचे थोडे अवशेष उरलेत. तरुण मुलं सुट्टीच्या दिवशी येऊन इथलं गवत आणि झुडपं काढतात, श्रमदान करतात. इतिहासाची पुस्तकं वाचणारे पुष्कळ असतात, त्याच्यावरची झुडपं उपटणारे थोडे.

मग आजींच्या घरी गेलो. आजी ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होत्या. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, हातांत बांगड्या. थोरलीने उत्साहाने सांगून टाकलं, "आजी, आम्हांला तुमचा ड्रेस हवाय. कॉस्च्यूम म्हणून!"

आजींनी जाळं खाली ठेवलं. म्हणाल्या, "पोरी, कॉस्च्यूम गॅदरिंगला असतो. हे माझं लुगडं आहे. मी रोज नेसते, बाजारात नेसते, चर्चमध्ये नेसते. ते तुला सोंगासाठी पाहिजे?"

थोरलीचा चेहरा पडला. मैत्रीण तर जमिनीकडे बघत राहिली. नंतर तिने मला सांगितलं, की शाळेत कोणी तरी आजींच्या लुगड्यावरून हसलं होतं. तेव्हापासून ती पालकसभेला आजींऐवजी आईला घेऊन जात होती. आजींना हे ठाऊक नव्हतं. का ठाऊक होतं, कोण जाणे!

मी म्हटलं, "आजी, चुकलं आमचं. सोंग नाही करायचं. तुम्ही कशा जगता ते लोकांना कळावं, एवढंच." आणि मग तो प्रश्न विचारला, तुमची माणसं कुठल्या बाजूला होती म्हणून.

आजी बराच वेळ समुद्राकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ते मला कोणी सांगितलं नाही. माझी आजी सांगायची, राज्य कोणाचंही असो, भरती-ओहोटीची वेळ बदलत नाही. पोरांना खायला घालायचं तर होडी पाण्यात घालायलाच लागते." थोड्या वेळाने त्या नातीला म्हणाल्या, "ये इकडे. तुला नेसवते. पण एक अट. हसायचं नाही, आणि कोणाला हसू द्यायचं नाही."

त्या रात्री मी पुन्हा पुस्तकं काढून बसले. वसई पडली तेव्हाचा तह वाचण्यासारखा आहे. लढाई भयंकर झाली होती, दोन्हीकडची हजारो माणसं पडली होती. तरी चिमाजी अप्पांनी हरलेल्या शिपायांना शस्त्रांसह, निशाण फडकवत आणि ढोल वाजवत बाहेर पडू दिलं. बायकामुलांना सुरक्षित जाऊ दिलं. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील, त्यांना आपला धर्म पाळायची मुभा तहातच लिहून दिली. म्हणजे मैत्रिणीचे पूर्वज त्यानंतरही इथेच राहिले, मासळी धरत राहिले, प्रार्थना करत राहिले. आणि कोळी तर फिरंगी येण्याच्या कितीतरी आधीपासून इथलेच!

हे ऐकून शेजारचा मुलगा ताठ बसला. "म्हणजे माझा शिपाई ढोल वाजवत जाणार? मग मी होतो फिरंगी. ढोल आहे माझ्याकडे!"

तयारी जोरात झाली. आजोबांच्या जुन्या धोतरातून फेटा निघाला. जाड पुठ्ठ्याची फिरंगी टोपी झाली. थोरलीने मिठागराची माहिती काढली. भरतीचं पाणी खाचरांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे, आणि पाऊस यायच्या आत सारं आवरायचं. या मिठाच्या आगरांवरूनच आगरी हे नाव आलं, असं सांगतात. भाईंदरहून नायगावकडे लोकलने जाताना खिडकीतून बघा, मिठागरं दिसतील.

आणि तो रविवार उजाडला. आमची पंधरा-वीस माणसं होतीच, शिवाय किल्ला बघायला आलेले दोन-चार अनोळखी पाहुणेही सामील झाले. पहारेकऱ्याने सगळ्यांची झडती घेतली. माझ्या पिशवीतले चिवड्याचे पुडे "जकात" म्हणून जप्त झाले!

धाकटा भलताच रंगात आला होता. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. त्या भरात तो म्हणाला, "आणि या बुरुजाखालून एक भुयार आहे. ते खाडीच्या तळाखालून थेट वसईच्या किल्ल्यात निघतं!"

"अरे वा!" लोक खूश. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "बाळ, ते कोणी पाहिलंय?"

पहारेकरी गडबडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि माझीच मान खाली गेली, कारण भुयाराची ही गोष्ट डिसेंबरात बसमध्ये मीच त्याला सांगितली होती! मला ती लहानपणी कोणी तरी सांगितली होती आणि मी ती तशीच पुढे ढकलली. प्रत्येक किल्ल्याला असं एक भुयार चिकटलेलं असतं, आणि ते पाहिलेला माणूस कधी भेटत नाही.

धाकट्याने काय केलं असेल? त्याने फेटा काढून काखेत धरला आणि म्हणाला, "आजोबा, आता मी सहावीतला मुलगा बोलतोय. भुयार मी पाहिलेलं नाही. मला माहीत नाही."

आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी आमचा नियम ठरून गेला. फेटा डोक्यावर असेपर्यंत जुन्या काळचं बोलायचं, पण माहीत नसेल तर फेटा काढायचा आणि तसं सांगायचं. त्या सकाळी फेटा चार-पाच वेळा निघाला. टोपीही निघाली. कोणाचीही शान कमी झाली नाही.

शेवटी बुरुजावर कोळीण उभी होती. आजींचंच लुगडं, आजींनीच नेसवलेलं, डोक्यावर टोपली. आजीही आल्या होत्या, मागे एका दगडावर बसल्या होत्या. मैत्रिणीने होड्यांचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, बोंबील कसे वाळवतात ते सांगितलं. मग एका काकांनी विचारलंच, "लढाईत तुम्ही कुठल्या बाजूला?"

ती म्हणाली, "पेशव्यांची पत्रं आहेत, फिरंग्यांचे कागद आहेत. कोळणीने पत्र लिहिलं नाही. म्हणून मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की लढाई झाल्यावरही आम्ही इथेच राहिलो."

"मग फेटा काढ! माहीत नाही तर फेटा काढायचा," धाकटा नियमाला पक्का!

"काय काढू?" ती हसली. "हे माझ्या आजीचं लुगडं आहे. ती बघ, बसलीय. आम्ही आजच्याच आहोत."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आजींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "टोपली नीट धर. मासळी सांडेल." टोपलीत आमचे चिवड्याचे पुडे होते!

विल्यम्सबर्गमध्येही फार वर्षं बड्या गोऱ्या लोकांचीच गोष्ट सांगितली जाई. त्या गावातली निम्मी माणसं काळी होती, बहुतेक सगळी गुलाम, पण त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. १९७९ मध्ये कृष्णवर्णीय कलाकार तिथे त्यांच्या भूमिकांत उभे राहू लागले. १९९४ मध्ये तर गुलामांचा लिलाव कसा होई, तेही करून दाखवलं. खूप वाद झाला. "हे दुःख कशाला दाखवता?" असं काही जण म्हणाले. करणाऱ्यांचं म्हणणं, हे दाखवलं नाही तर गोष्ट अर्धीच राहील. आमच्या कोळणीला हे मी परतीच्या वाटेवर सांगितलं. ती काही बोलली नाही. पण पुढच्या पालकसभेला आजी गेल्या. लुगडं नेसूनच गेल्या.

तर दोस्तांनो, घोडबंदरला जरूर जा. मीरा-भाईंदर महानगरपालिकेने किल्ल्याच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलं, तेव्हा त्याची काळजी घेणं आपलंही काम आहे. पाणी बरोबर न्या, टोपी न्या, मोठं माणूस बरोबर असू द्या. भिंतीवर नाव कोरू नका, रिकामे पुडे परत आणा. नाशिकला गेलात तर नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा बघायला विसरू नका. ती वसईच्या मोहिमेतूनच तिकडे गेलेली आहे.

आणि तुमच्या गावात किल्ला नसेल, तर एखादी जुनी विहीर, गिरणी, बाजारपेठ असेलच ना? तिथली चार माणसं तुम्हीही व्हा. आधी आजी-आजोबांना विचारा. विचारल्याशिवाय त्यांचं लुगडं मात्र मागू नका!

आमचा पुढचा बेत धारावी किल्ल्याचा आहे. पहारेकऱ्याने आत्तापासूनच नवीन भाल्याचा हट्ट धरलाय, आणि आमच्या पडद्याला अजून काठी मिळालेली नाही.